गल्लीभर चहा

शकू, आधी माझा मूर्खपणा सांगते. तो तुझा सगळ्यात आवडता विषय होता.

त्या डोंगराळ देशात मी पहिल्यांदा एकटी कामाला गेले आणि एका गल्लीत एकाच घरी चहा पिऊन परत आले. ऐकणाऱ्याला वाटेल, यात काय बिघडलं? मलाही तेच वाटलं होतं. मी तर खुशीत होते. बुलेटप्रूफ जाकिटाखाली इरकल नेसलेली, अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही म्हणून ते काखेत धरलेली, चाळीशी ओलांडलेली विमल वकील, आपण मोठा पराक्रम करून आलो अशा थाटात ऑफिसात शिरली. आज ती बाई मला रस्त्यात भेटली, तर मी तिला चिकलठाण्याच्या परतीच्या विमानात बसवून देईन.

तू तापानं फणफणली होतीस. घोंगडी पांघरून बसली होतीस. विचारलंस, "किती घरी गेलीस?"

"एकाच."

"आन् चहा घेतला?"

"तीनदा! नाही कसं म्हणायचं? चहा नाकारला की माणूस दुखावतं."

"गाडी कुठं लावली व्हती?"

"तिच्या दारातच. चिखल होता ना."

"निघताना?"

"निघताना ती रडायला लागली. मग मी तिला मिठी मारली. गल्लीतली पोरं टाळ्या वाजवायला लागली."

तू घोंगडी बाजूला केलीस. "विमे," म्हणालीस, "तू तिच्या दारावर चुन्यानं फुली मारून आलीस."

हे लिहिते आहे कारण तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं आणि मी बोलू शकले नाही. त्रिशरण झालं, पंचशील झालं, तुझ्या भाच्यानं माझं नाव पुकारलं. मी उठले, "शकुंतला माझी सीनियर होती," एवढं म्हटलं आणि खाली बसले. कोर्टात समोरच्या वकिलाला घाम फोडणारी बाई! तू असतीस तर कोपरखळी मारली असतीस. मेल्यावर माणूस उरत नाही असं तू ठणकावून सांगायचीस, म्हणजे हे वाचायला तू नाहीस, हे मला कळतं. तरी मी तुझ्याशीच बोलणार. इतक्या वर्षांची सवय आहे, आणि शेवटचा वाद अर्धा राहिलाय.

आपण तिथं काय करत होतो, हे माझ्या भिशीतल्या बायकांना मी अजून समजावू शकलेले नाही. मानवी हक्क अधिकारी म्हटलं की त्यांना वाटतं, रेशनवर साखर वाटतात तसे मी तिथं हक्क वाटत होते. खरं तर आपण ऐकत होतो. कुणाला कुणी मारलं, कुणाला घरातून उचलून नेलं, कुणी पाहिलं. ऐकायचं, लिहून घ्यायचं, दहा ठिकाणी पडताळायचं आणि ज्यांच्याकडे बंदुका आणि खुर्च्या होत्या त्यांच्यापुढे अहवाल ठेवायचा. आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं. एक पांढरी गाडी, एक दुभाषी बाई आणि तू.

तू आधी गेली होतीस. वर्षभरानं जागा निघाली तेव्हा मला अर्ज करायला लावलंस. "इथं सोयगाव-पैठणच्या वस्त्यांत जाऊन जे करतेस, तेच हाय. फकस्त बर्फ पडतो," असं फोनवर म्हणालीस. घरी नवरा हो म्हणाला, माझ्या शाळकरी लेकाला, प्रशांतला, मी विचारलंच नाही. बर्फाचं खरं होतं. बाकी तू खोटं बोललीस. इथं आपण वकील होतो, आपल्यामागे कोर्ट होतं, ते कितीही हळू चालो. तिथं आपल्यामागे फक्त रस्ता होता.

त्या बाईचं नाव मी आजही लिहीत नाही. तुला दिलेला शब्द आहे. देशाचंही लिहीत नाही. बिनतारी यंत्रावर आणि फोनवर कोण कान लावून बसलंय याचा भरवसा नव्हता, म्हणून आपण माणसांना आपल्याकडच्या गावांची नावं दिली होती. ती बाई सोयगाव. जुन्या मशिदीमागचा मास्तर बिडकीन. आणि त्या भागात ज्याचं राज्य होतं, तो बंदूकवाला कमांडर आला की गल्लीतले दिवे पटापट विझायचे, म्हणून तो वीज बोर्ड. कान लावणाऱ्याला मराठी समजलं असतं, तरी त्याला वाटलं असतं, या दोन बाया सारख्या लाइट गेल्याची तक्रार करताहेत.

सोयगावच्या नवऱ्याला वीज बोर्डाच्या माणसांनी घरातून नेलं होतं. गल्लीतून आणखीही पुरुष नेले होते, पण नेणाऱ्याचा चेहरा पाहिलेली ती एकटीच. तिनं निरोप पाठवून आपल्याला बोलावलं होतं. आणि मी तिच्या दारात पांढरी गाडी लावून, तीन कप चहा पिऊन, सगळ्या गल्लीदेखत मिठी मारून आले होते.

रात्रभर तू खोकत होतीस आणि मी छताकडे बघत होते. सकाळी ताप अंगात असतानाच तू बूट चढवलेस. गाडी गावाबाहेर ठेवलीस. आपण पायी गेलो. गल्लीच्या तोंडाशी मला थांबवून सांगितलंस, ते माझ्या कानात अजून आहे. "पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत. एक बी सोडायचं नाय. प्रत्येक घरी चहा. प्रत्येक घरी तेवढाच वेळ. इचारायचं काय? पोरं किती, पाणी कुठून आनता, छत गळतं का. समद्यांना तेच. निघताना मिठी मारायची आसंल तर समद्यांना मार."

"समद्यांना?"

"काल एकीला मारताना इचारलं व्हतंस का?"

तो दिवस मी कसा काढला, ते माझ्या मूत्राशयालाच ठाऊक. काळा कडक चहा, वेलची घातलेला. खडीसाखरेचा खडा दाताखाली धरून त्यावरून चहा प्यायचा, ही तिथली रीत. मी पहिल्याच घरी खडा गिळला आणि ठसका लागून चहा घरमालकाच्या पायजम्यावर उडवला. घरातली पोरं लोळून हसली. दुसऱ्या घरी जाईपर्यंत ही बातमी आपल्या आधी पोचली होती. तिथून पुढे प्रत्येक घरात पोरं माझ्या तोंडाकडे टक लावून बसायची, ही आता गिळते की मग गिळते. तू दुभाषी बाईला म्हणालीस, "असू दे. हिला बघायला लोक येत्यात, हे लई चांगलं हाय." मी चिडले होते तेव्हा. आता कळतं, त्या एका ठसक्यानं माझ्या आदल्या दिवसाच्या तीन कप चहावर थोडी तरी माती पडली. गल्लीला सांगायला दुसरी गोष्ट मिळाली.

कोपऱ्यावरच्या घरात वीज बोर्डाची आत्या राहायची. मी हळूच म्हटलं, "हे घर सोडू या." तू तोवर कडी वाजवली होतीस. आपण आत गेलो. म्हातारीनं सुकी तुती पुढं केली आणि गुडघे दुखतात म्हणून रडगाणं लावलं. तू तिच्या गुडघ्यांची इतकी चौकशी केलीस, की तिनं निघताना तुझ्या खिशात मूठभर अक्रोड कोंबले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "हिच्याशी एवढं गोड कशासाठी?" तू म्हणालीस, "गुडघे तिचेच हायेत ना? का तेबी भाच्यानं दुखावले?"

सोयगावच्या घराशी पोचलो तेव्हा तिच्याकडे शेजारणी बसल्या होत्या. वीज बोर्डाची माणसं आदल्या संध्याकाळीच येऊन गेली होती. ती परदेशी बाई एवढा वेळ काय विचारत होती, असं त्यांनी दरडावलं होतं. "भाकरी कशी भाजतात ते विचारत होती. तिला येत नाही," असं सोयगावनं सांगितलं होतं. म्हणून आपण तिथं पाणी, पोरं, छत विचारलं आणि तिनं मला सगळ्या शेजारणींसमोर भाकरी भाजायला बसवलं. आपल्याकडच्या खऱ्या बिडकीनच्या पाटलाच्या घरची मी, जन्मभर भाकरी थापलेली. मुद्दाम करपवली. शकू, तेवढी एक गोष्ट मी त्या दिवशी शहाण्यासारखी केली, आणि तू त्याचं कौतुक कधीच केलं नाहीस.

चहा ओतताना ती खाली मान घालून दुभाषी बाईला काहीतरी पुटपुटली. बाहेर पडल्यावर आपल्याला कळलं. ती म्हणाली होती, मी काल सांगितलं ते मला परत द्या.

तिथून आपलं भांडण सुरू झालं.

ऑफिसात मी टेबलावर हात आपटले. "एकच साक्षीदार आहे, शकू! नाव नको लिहू या, गाव नको लिहू या. पण जबाब काढून टाकला तर अहवालात अज्ञात इसम असं लिहावं लागेल."

"लिहू."

"ज्याचा चेहरा आपल्याला माहीत आहे, त्याला अज्ञात इसम?"

"व्हय."

"मग आपण इथं आलो कशाला?"

"तिला इचारायला. तिनं काल व्हय म्हनलं, आज नाय म्हनलं. नाय हेबी उत्तरच हाय, विमे. जबाब तुझा नाय, माझा नाय, हापिसचा नाय. तिचा हाय. तिला परत पायजे, तर द्यायचा."

आणि तू तो माझ्यासमोर शेगडीत घातलास. मी तुझ्याशी चार दिवस बोलले नाही. मला वाटत होतं, माझ्या चुकीची शिक्षा तू सत्याला दिलीस. आज इतक्या वर्षांनी कबूल करते, रागातला निम्मा तरी माझ्यावरचा होता. माझ्या तीन कप चहामुळे ती घाबरली होती. तो जबाब अहवालात राहिला असता, तर माझी चूक वाया गेली नसती, असा माझा हिशोब. तू मात्र हे कधीच तोंडावर मारलं नाहीस.

त्या गल्लीतून पुढे कुणाला उचललं नाही. अहवालामुळे की चहामुळे, ते ठाऊक नाही. नेलेले पुरुष मात्र परत आले नाहीत. सोयगावचा नवराही नाही.

आपण इकडे परतलो, केस पांढरे झाले, शहराचं नाव बदललं, वाद तोच. कधी माझ्या ओट्यापाशी, कधी कोर्टासमोरच्या टपरीवर, मी सुरू करायचेच. "तो जबाब ठेवायला हवा होता." तू बशीत चहा ओतत म्हणायचीस, "झालं हिचं सुरू." एकदा मी रात्री फोन केला, आठवतं? "टीव्ही लाव. वीज बोर्ड मंत्री झालाय. हार घालताहेत त्याला." तू टीव्ही लावलास. मला फोनमधून तुझ्याकडच्या बातम्या ऐकू येत होत्या. मी म्हटलं, "आता बोल." तू बराच वेळ बोलली नाहीस. मग म्हणालीस, "सोयगाव बी बघत आसंल. घरात बसून. जित्ती." मी फोन आपटला. माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण तुझ्याकडेही पूर्ण नव्हतं. असतं तर तू एवढा वेळ गप्प राहिली नसतीस. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, की तू गप्प राहिलीस ते मला आवडलं. त्या हाराकडे बघून लगेच शहाणपणाचं काही बोलली असतीस, तर मी तुझं तोंड पाहिलं नसतं.

एका गोष्टीवर मात्र आपण कधीच भांडलो नाही, कारण त्यावर आपण कधी बोललोच नाही.

लॉ कॉलेजात होतो. मी तुला बिडकीनला घरी नेलं. माझी मैत्रीण म्हणून मिरवत नेलं. माझ्या आईनं सगळ्यांना कपबशीत चहा दिला आणि तुला कोनाड्यातल्या कान तुटलेल्या कपात. मी पाहिलं. तू पाहिलंस की मी पाहिलं. आणि मी, वर्गात समतेवर तावातावानं भाषणं ठोकणारी मी, बशीत फुंकर मारत बसले. तू चहा प्यायलीस, उठलीस, मोरीवर जाऊन कप विसळलास, उपडा ठेवलास आणि आईला म्हणालीस, "चहा छान झालाय, काकू."

पुढं माझं स्वतःचं घर झालं. पहिल्याच दिवशी चहा पिऊन तू कप टीव्हीवर ठेवून निघून गेलीस. मुद्दाम. पुढच्या खेपेला शिलाई मशीनवर. मग खिडकीत, मग प्रशांतच्या दप्तरावर. माझी सून नवीन आली तेव्हा मला म्हणाली, "आई, शकूमावशी कप कुठंही ठेवतात हो." मी म्हटलं, "ठेवू दे. तो तिचा मान आहे." आपण दोघींनी त्यावर चकार शब्द काढला नाही, पण माझ्या घरी तू कप विसळायचा नाहीस, हा करारच होता.

परदेशात त्या गल्लीच्या तोंडाशी, अंगात ताप असताना, एकही घर सोडायचं नाही हे तुला क्षणात कसं सुचलं, त्याचं मला नवल वाटायचं. नवल कसलं! कुणाच्या घरचा चहा घेतला, कुणाचा टाळला, कुणाला कुठल्या कपात दिला, हे सगळी वस्ती टिपत असते. मला ते नोकरीच्या प्रशिक्षणात शिकवावं लागलं, आणि तरी आलं नाही. तुला शिकवायला माझ्या आईसारख्या कितीजणी भेटल्या असतील.

आता त्या वादाकडे येते.

माझी नात जुई आपल्या गोष्टींवरच वाढली. लहानपणी तिला वाटायचं सोयगाव ही बाईच आहे. शाळेची सहल त्या नावाच्या गावावरून गेली तेव्हा बसमध्ये बाईंना विचारलं होतं, "ती कुठं राहते?" मोठी झाली, वकील झाली आणि आपल्यासारखाच अर्ज करून बसली. निवड झाली. देश वेगळा, युद्ध वेगळं, काम तेच. प्रशांत रात्री माझ्या खोलीत आला. "आई, तू सांग तिला. मी सांगितलं तर भांडण होईल. मी लहान असताना तू गेलीस तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आता तरी माझं ऐक."

शकू, मला तिथले रस्ते डोळ्यांपुढे आले. परत न आलेली माणसं आली. दुसऱ्यांच्या लेकींना धीरानं बोला म्हणून सांगत फिरलेली मी, माझ्या नातीचं नाव आलं आणि घाबरले. पण नको जाऊ असं तोंडावर सांगायला लाज वाटली. मग मी माझ्या पद्धतीनं केलं. डॉक्टर गेली कितीतरी वर्षं गुडघा बदलून घ्या म्हणताहेत आणि मी त्यांना पिटाळून लावतेय. मी आपणहून गेले. "कधी करता?" डॉक्टर म्हणाले, "घाई नाही, वर्षभर थांबलं तरी चालेल." मी जुईच्या रुजू होण्याच्याच महिन्यातली तारीख मागून घेतली. घरी येऊन कण्हले. पोरगी विरघळली. म्हणाली, "आजी, तुला अशी सोडून कशी जाऊ? मी नाही कळवते."

मी मनात टाळी वाजवली. बघ, केवढी हुशार म्हातारी.

तुला कुणी सांगितलं देव जाणे. तू रिक्षा करून आलीस. छातीचं दुखणं असताना दोन जिने चढलीस. जुई बाहेर गेली होती. मी चहा ठेवला. तू घोट घेतलास आणि सरळ विचारलंस, "तारीख कुनी ठरवली? डाक्टरनं का तू?"

मी म्हटलं, "गुडघा दुखतो माझा."

"दुखत आसंल. लई दुखत आसंल. पण गुडघा तुझा आन् बेडी तिच्या पायात घालतेस व्हय?"

"तिला काही झालं तर?"

"मग तसं सांग. भ्या वाटतं म्हनून सांग. आजी म्हनून रड, पाया पड, काय बी कर. पन खरं सांगून कर. मंग तिला काय ठरवायचं ते तिला ठरवू दे. जायचं तिनं हाय."

"शेगडीत घाल म्हणतेस माझी भीती. त्या जबाबासारखी."

"आसंच समज."

आणि मग मी ते बोलले. "तुला काय कळणार, शकू? तुझं आहे कोण जायला?"

तू चहा संपवलास. उठलीस, मोरीवर गेलीस, कप विसळलास आणि उपडा ठेवलास. माझ्या घरात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चप्पल घालताना म्हणालीस, "चहा छान झालाय."

मी दारात उभी राहून तुझी पाठ बघत राहिले. हाक मारायला हवी होती. वाटलं, उद्या फोन करू. मग वाटलं, रविवारी जाऊ. शनिवारी तुझ्या भाच्याचा फोन आला.

माफी मागत नाही, कारण द्यायला तू नाहीस, आणि देणारा नसताना मागितलेली माफी म्हणजे मागणाऱ्याचीच सोय. त्यापेक्षा तुझ्या कार्यक्रमात काय केलं, ते सांगते.

तुझ्या भाच्याच्या घरी बुद्धवंदना झाली, माझं ते दीड वाक्याचं भाषण झालं, मग सगळ्यांना चहा दिला. तुझ्या कोर्टातल्या पोरी, वस्तीतल्या बाया, माझी सून, प्रशांत, जुई. कप गोळा व्हायला लागले. मी उठले, मोरीवर बसले आणि विसळायला लागले. एकेक करून सगळे. तुझी भाचेसून धावत आली, "अहो वकीलबाई, तुम्ही कशाला?" मी म्हटलं, "तू जा गं. माझं काम आहे." मग जुई आली. माझा दंड धरून म्हणाली, "आजी, ऊठ. गुडघा."

तिथंच सांगितलं. पाण्याची धार चालू ठेवून, तिच्याकडे न बघता. डॉक्टर काय म्हणाले, तारीख कुणी मागितली, का मागितली, सगळं. "मला भीती वाटते, जुई. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. पण गुडघा वर्षभर थांबू शकतो. हे तुला माहीत असायला हवं."

तिनं नळ बंद केला. मी विचारलं, "शकूनं तुला काही सांगितलं नव्हतं?"

"नाही. त्या दिवसानंतर मी त्यांना भेटले होते. त्या फक्त म्हणाल्या, आजीला वेळ दे."

शकू, तू दोन जिने उतरून गेलीस, माझं ते बोलणं छातीत घेऊन गेलीस, आणि तिला माझ्याबद्दल एक अक्षर सांगितलं नाहीस. जबाब माझा होता. मी द्यायचा होता. तू तो माझ्यासाठी ठेवून दिलास. आयुष्यभर त्या शेगडीवरून तुझ्याशी भांडले, आणि तिची ऊब मला तुझ्या भाच्याच्या मोरीवर बसून कळली. तरीही वीज बोर्डाच्या हाराबद्दल मी माघार घेतलेली नाही, हे लक्षात ठेव. तो वाद चालूच राहील. माझ्या बाजूनं तरी.

जुई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. बरोबर केलं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "मी हो कळवलंय." प्रशांत माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, तू पाठवतेस तिला?" मी म्हटलं, "मी पाठवत नाही, ती जातेय. आणि तू तेव्हा लहान होतास, तुला विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही. तो राग माझ्यावर काढ, तिच्यावर नको. बाकी माझ्या ऑपरेशनला रजा तूच काढायचीस. बेडपॅन धरायला लेक असतो, हे मी सगळ्या भिशीला सांगून ठेवलंय." तो हसला नाही. पण विमानतळावर तिची बॅग त्यानंच उचलली.

जायच्या आधी मी जुईला तुझं सगळं शिकवलं. गाडी गावाबाहेर. पायी जायचं. पहिल्या घरापासून शेवटच्यापर्यंत. ज्याची भीती वाटते त्या घरीही. प्रत्येक घरी तेवढाच वेळ. कुणी दिलेलं परत मागितलं तर द्यायचं, आणि त्यावरून आयुष्यभर भांडायला एक मैत्रीण बघून ठेवायची. खडीसाखर गिळायची नाही. ती म्हणाली, "आजी, हे सगळं पाठ झालंय, मी पाच वर्षांची असल्यापासून."

परवा तिचा फोन आला. मी खिडकीत बसले होते. बाजूला माझा कप होता, जुन्या टीव्हीवर. हल्ली मी तिथंच ठेवते, सून काही बोलत नाही. आवाज तुटत होता, मागे पोरांचा गलका होता आणि कुणीतरी बाई हसत होती. मी विचारलं, "बरी आहेस ना? जेवलीस का? कुठं आहेस?" एकाचंही उत्तर तिनं दिलं नाही. घाईत होती. म्हणाली,

"आजी, इथं चहात मीठ घालतात, हे तू मला सांगितलं नव्हतंस. ठेवते आता, गल्ली अजून अर्धी बाकी आहे."